आप्पा, शेवगा एवढ्यात नको

ती. आप्पा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार,

काल फोनवर नीट बोलणंच झालं नाही, दादा मधे मधे बोलत होता आणि आईला ऐकू येत नव्हतं, म्हणून निवांत बसून हे टाइप करतेय. वहिनीला सांगा, मोबाईलवर अक्षरं मोठी करून देईल, नाहीतर तिनंच वाचून दाखवावं.

विषय परड्याचाच आहे, घरामागच्या मोकळ्या जागेचा. दादाचं म्हणणं असं की शिमग्याच्या आत शेवगा काढायचा, अडुळसा नि घाणेरीचं रान साफ करायचं आणि मागच्या दारापासून विहिरीपर्यंत सगळीकडं पेव्हिंग ब्लॉक टाकून घ्यायचे, म्हणजे तुम्ही पुण्याहून परत आलात की आप्पांना वॉकर घेऊन फिरता येईल. वॉकरचं मला पटतंय. बाकीचं नाही पटत.

शेवग्याची ती विहिरीकडची जाड फांदी वाळलीय ना, तिच्या खालच्या अंगाला सध्या तांबट भोक पाडतोय. तांबट म्हणजे तो हिरवा, कपाळावर नि छातीवर लाल, चिमणीपेक्षा जरा मोठा, उन्हाळा जवळ आला की दिवसभर टुक टुक टुक चालू असतं तो. आई म्हणायची ना, भर दुपारी कोण भांडी ठोकतंय बाई, तोच. मजा म्हणजे ओरडताना चोच बंद असते, नुसता गळा फुगतो, मला ते यंदाच कळलं, इतकी वर्षं नुसतं ऐकतच होतो आपण. त्याला जित्या कडक लाकडात भोक पाडता येत नाही, असलं वाळलेलं मऊ लाकूडच लागतं, आणि अशी फांदी दिसली की आपण आधी कोयता शोधतो. नर मादी दोघं आळीपाळीनं कोरतात, दोघं दिसतात पण सारखीच, त्यामुळं कोण कामाला आहे आणि कोण आराम करतंय काही कळत नाही. खाली भुसा पडतो पिवळट, मी तो झाडत नाही. आता फांदी तोडली तर अंडी-पिल्लं सगळंच जाणार.

तुम्ही गेल्यापासून मी सकाळी शाळेला जायच्या आधी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसते. सुरुवातीला करमत नव्हतं म्हणून बसायचे, आता सवय झालीय.

तुम्ही गेलात रोहिणीत. मृग निघाला आणि दोन-चार दिवसांत चातक आला, काळापांढरा, डोक्यावर तुरा, विजेच्या तारेवर बसून पिऊ पिऊ. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो म्हणे हा पावसाबरोबर. आई, तो नुसतं पावसाचं पाणी पिऊन राहतो हे काही खरं नाही हां, चांगला केसाळ सुरवंट धरून तारेवर आपटून खाताना मी बघितलाय. आणि अंडी घालतो आपल्या सातभाईंच्या घरट्यात. म्हणजे तू इतकी वर्षं उरलीसुरली भाकरी कुस्करून ज्यांना घालतेस ते सातभाई पाहुण्याचं पोर सांभाळतात.

त्याच आठवड्यात एकदा अगदी पहाटे आंब्याखाली नवरंग दिसला. हिरवा निळा तांबूस, शेपटी अशी नावालाच, पाचोळा उलटापालटा करत किडे शोधत होता. हा पावसाळ्यात घरटं करायला राधानगरी, दाजीपूरकडच्या जंगलात जातो, जाताजाता आपल्याकडं थांबला असणार. दोन दिवस होता, मग गेला. तो थांबला तो पाचोळ्यामुळं, झाडून लख्ख केलेल्या अंगणात त्याला खायला काय मिळणार होतं? (आई, हे तुला टोमणा म्हणून नाही.)

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सुगरणींवर. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला ह्या पावसाळ्यात भरपूर घरटी होती. नर शेजारच्या उसाच्या पानाच्या बारीक दशा काढून आणतो, पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडायची आणि उडतानाच ओढून लांब पट्टी काढायची, बघण्यासारखं असतं. घरटं अर्धं झालं की थांबतो आणि पंख फडफडवून ओरडायला लागतो, मग मादी येऊन आत शिरून तपासणी करते, पसंत पडलं तरच पुढचं नळीचं काम. नाही पडलं तर तसंच लोंबकळत राहतं. बाभळीला अशी चार-पाच अर्धवट होती, बिचारा एक तर शेवटपर्यंत नापासच. आणि मादी अंड्यावर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं बांधायला मोकळा, दुसऱ्या मादीसाठी! आपण लहानपणापासून सुगरणीचं कौतुक करतो आणि सगळं विणकाम करतो बाप्या. ती बाभळसुद्धा दादाच्या यादीत आहे, काटे पडतात म्हणून. काटे पडतात, खरंय.

सगळं काही गोड गोड आहे असं समजू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या जाईत बुलबुलनं घरटं केलं होतं, तीन अंडी, पिल्लंही झाली, आणि एका दुपारी भारद्वाज येऊन ती खाऊन गेला. तोच भारद्वाज, जो दिसला की आप्पा म्हणतात आज काम होणार. मला दोन दिवस त्याचा राग होता. पण पावसात आईच्या अळूवर आणि पालकावर त्या मोठ्या शंखाच्या गोगलगायी चढल्या होत्या ना, त्या पण तोच फोडून खातो, घाणेरीच्या बुडाला फुटक्या शंखांचा ढीग असतो. मग काय बोलणार.

पिंगळ्याचं आईला आवडणार नाही पण सांगते. गोठ्यामागच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत जोडी आहे. तिन्हीसांजेला बाहेर येऊन फांदीवर बसतात आणि मान वर-खाली करत माझ्याकडं टकामका बघतात. अशुभ वगैरे काही नाही गं, तो किडे आणि उंदीर खातो. पेंडीच्या पोत्याला यंदा एकपण भोक नाही, गड्याला विचार हवं तर.

गणपतीच्या सुमारास धोबी आला, न्हाणीच्या पाण्यापाशी शेपटी वर-खाली करत चालतो तो, हिमालयातून येतो. मग तारांवर माळभिंगऱ्या. दसऱ्याला नीळकंठ दिसला, परड्यात नाही, रस्त्याकडेच्या खांबावर, पण दिसला.

थंडीत उसाच्या टोळ्या आल्या, आणि तोडणी चालू असलेल्या प्रत्येक फडामागं बगळे आणि कोतवाल. आणि आप्पा, तुमच्या भोरड्या, त्या गुलाबी मैना! लहान असताना तुम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचात आणि मी खडे गोळा करून द्यायचे ते आठवतं. आता आपल्या शिवारात शाळू करतंय कोण, सगळा ऊसच, त्यामुळं त्यांना कुणी हाकलत पण नाही. ह्या महिन्यात बांधावरचा पांगारा फुललाय, त्याच्या लाल फुलांवर शंभरानं येऊन बसतात, रस पितात आणि कलकलाट करतात. गुलाबी रंग आता चढायला लागलाय. एप्रिलपर्यंत निघून जातील मध्य आशियाकडं, तिथं त्यांची घरटी. ज्यांना आपण शाळवाचे चोर म्हणायचो त्या तिकडं टोळ खातात म्हणून तिथले लोक खूश असतात म्हणे.

आणि फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजतात, कुठंही एका जागी कमीत कमी पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसतील ते लिहून मोबाईलवरून पाठवायचं. मी सातवीची पोरं आणली होती परड्यात. पोरं गप्प बसत नाहीत हे तुम्हाला माहितीच आहे, तरी शिंपी, दयाळ, शिंजीर, हळद्या, वेडा राघू एवढं सगळं त्यांनी पायरीवरनं बघितलं. एकानं कोंबडीपण लिहिली, ती खोडायला लावली. दादा म्हणतो पक्षी बघायचे तर रंकाळ्यावर जा, कळंब्यावर जा. अरे तिथं पाणपक्षी, ते बघायला जाऊच की, पण शिंपी बघायला कुणी गाडी काढून जातं का?

आता दादाला समजेल असं सांगते. कौलाचं सगळं पाणी मागं पडतं आणि मातीत मुरतं, म्हणून आपल्या गोठ्यात पाणी येत नाही. सगळीकडं ब्लॉक टाकले तर उतार गोठ्याकडं आहे, जुलैत म्हशी पाण्यात उभ्या राहतील. २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते त्यानं पण बघितलंय, त्यात आपणच आणखी भर कशाला घालायची. म्हणून मी गवंड्याला बोलावून मोजून घेतलं. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत आणि तिथून विहिरीच्या कट्ट्यापर्यंत चार फुटी वाट करायची, खडबडीत फरशीची, म्हणजे घसरणार नाही, वॉकर आरामात जातो, मी वहिनीच्या वडिलांचा जुना आणून फिरवून बघितला. घाणेरी वाटेच्या बाजूनं छाटते, सगळी काढत नाही. बाभळीच्या वाटेवर येणाऱ्या फांद्या तेवढ्या काढू, त्या पण आत्ताच, सुगरणी यायच्या आधी. शेवग्याचं पिल्लं उडून गेल्यावर बघू. खर्च दादाच्या अंदाजाच्या पाव पण नाही, हे त्याला आधी सांगा, मग पक्ष्यांचं सांगा.

मी सांगून तो ऐकत नाही, आप्पा, तुम्हीच बोला. आणि तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का ते कळवा, मी शाळेत रजा टाकून येते. आईचं गुडघ्याचं तेल पाठवलंय एसटीनं, सोबत काकवीची बाटली आहे, ती उभी ठेवा, झाकण सैल आहे.

गवंडी विचारतोय की वाटेला धरायला लोखंडी दांडी कुठल्या हाताला लावायची. जाताना उजवा म्हटलं तर येताना तो डावा होतो. आप्पांना कुठल्या हाताला जोर आहे ते बघून सांगा, का दोन्हीकडं लावू?

तुमची,
धाकटी