पट्ट्याच्या ट्रॅक्टरविषयी मित्रास पत्र

जालना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि फोटो मिळाले. परभणीच्या जिनिंगच्या आवारात पडलेला तो पट्ट्याचा ट्रॅक्टर किती जुना आणि किती दुर्मीळ, असे तू विचारले आहेस. हे दोन प्रश्न निराळे असून जुन्या यंत्रांचे हौशी लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

आधी वयाचे पाहू. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाके काढून पट्टे बसवले, कारण तिथल्या भुसभुशीत रानात चाके रुतत असत. आपल्या काळ्या जमिनीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर कंपनी उभी राहिली. तिची यंत्रे १९३१ अखेरपर्यंत राखाडी असत, त्यानंतर पिवळी झाली. पण रंग कोणीही फासू शकतो, त्यामुळे त्यावर मी फारसा विसंबत नाही.

खरा पुरावा क्रमांकाच्या पट्टीचा. फोटोवरून यंत्र १९३८ ते १९५७ या काळात निघालेले कॅटरपिलरचे डी२ हे मॉडेल दिसते. पट्टीवरचे तेल-माती रॉकेलने पुसून अक्षरांवर खडू घास. सुरुवातीला ३जे किंवा ५जे असेल तर ते १९४७ पर्यंतचे, ४यू किंवा ५यू असेल तर त्यानंतरचे. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का, तेही पाहा.

जिनिंगचे मालक ते जायकवाडीच्या कामावरचे असल्याचे सांगतात, हे मला पटत नाही. धरणाची पायाभरणी १९६५ ची, आणि जेमतेम तीन-साडेतीन टनांचे हे यंत्र एवढ्या मोठ्या मातीच्या भरावापेक्षा नांगरटीलाच अधिक शोभते. स्वातंत्र्यानंतर कांस गवताने पडीक पाडलेल्या जमिनी फोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने दुसऱ्या महायुद्धातून उरलेले ट्रॅक्टर वापरले होते, आणि १९४९ साली शेतीयंत्रांसाठी जागतिक बँकेचे एक कोटी डॉलरचे कर्जही मिळाले. तुझे यंत्र त्याच खेपेतले असे मी म्हणत नाही. मात्र शोध त्या दिशेने घ्यावा.

राहिला दुर्मीळतेचा प्रश्न. अमेरिकेत डी२ हजारोंनी निघाले आणि तिथे आजही हौसेने चालवले जातात, म्हणून तिथला संग्राहक याकडे ढुंकूनही पाहणार नाही. आपल्याकडे मात्र किती बनले यापेक्षा किती वाचले हेच मोजावे लागते. मी राहतो त्या जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, आणि पट्ट्याच्या ट्रॅक्टरइतके जाडजूड भंगार भंगारवाल्याला सहसा मिळत नाही. मराठवाड्यात असे यंत्र अखंड सापडणे हीच मला मोठी गोष्ट वाटते.

मुख्य इंजिनाशेजारी दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन जागेवर आहे का, तेवढे नक्की कळव. डिझेल इंजिन त्यानेच सुरू होते, आणि ते सुटे विकले गेले असेल तर मालकाने सांगितलेली किंमत मुळीच मान्य करू नकोस.

तुझा मित्र