१९४४ च्या हरिकेनवर लाल ठिपका नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनानिमित्त शाळा-महाविद्यालयांत विमानांच्या प्रतिकृती मांडल्या जातात, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र दुसऱ्या महायुद्धातले भारतीय हवाई दलाचे हरिकेन हे लढाऊ विमान म्हणून जे टेबलावर ठेवलेले असते, त्यावर बरेचदा विमान कोणाचे ते सांगणारे आजचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ असते, नाहीतर मधोमध लाल ठिपका असलेले ब्रिटिश वर्तुळ. ब्रह्मदेश आघाडीवरच्या १९४४ च्या विमानाला दोन्ही चुकीची आहेत. यंदाच्या प्रदर्शनासाठी जे किट (सुटे भाग जोडून प्रतिकृती करायचा संच) जोडायला घेतील त्यांच्यासाठी हे पत्र.

तिरंगी वर्तुळ स्वातंत्र्यानंतरचे. लाल ठिपका पूर्वेकडच्या विमानांवरून १९४२ च्या मध्यापासून काढायला सुरुवात झाली, कारण जपानी विमानांची खूण म्हणजेच लाल गोळा. झाडांच्या शेंड्यांवरून सुसाट जाणाऱ्या विमानावर नुसते काहीतरी लाल दिसले, तरी खालचा तोफची आपल्याच विमानावर मारा करण्याचा धोका होता. आधी लालावर पांढरा रंग फासला गेला, पुढे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका अशी खूण रूढ झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली स्क्वाड्रन इंफाळला उतरली ती या काळात. पंखांवरचे आणि शेपटीवरचे रुंद पांढरे पट्टे त्यानंतरचे. जपानी सैन्याने इंफाळला घातलेल्या वेढ्यातले विमान करायचे असेल तर तेही लावू नयेत.

म्हणून डबा उघडण्याआधी एक विमान आणि एक महिना ठरवा आणि त्याचे छायाचित्र समोर ठेवा. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात ब्रह्मदेशातल्या हरिकेनची छायाचित्रे आहेत, आणि दिल्लीला जाणे झाले तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन प्रत्यक्ष पाहता येते. छायाचित्रात तीन गोष्टी बघा: नाकाखाली धूळ गाळणारा मोठा व्होक्स फिल्टर आहे का, पंखांत २० मिमीच्या चार तोफा आहेत की वजन कमी करण्यासाठी दोन काढलेल्या आहेत, आणि वर्तुळे केवढी आहेत.

किट मार्क दोन-सी या चार तोफांच्या आवृत्तीचे घ्या. १/७२ प्रमाणात (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी) आर्मा हॉबी आणि रेव्हेल यांची आहेत, १/४८ मध्ये हासेगावाचे. १/७२ मध्ये पंखांचा विस्तार १७ सेंमीच्या आसपास भरतो, १/४८ मध्ये साधारण साडेपंचवीस. शाळेतल्या मुलांना १/७२ पुरे. हे प्रमाण रुजले त्यात युद्धाचाही हात आहे: १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांकडून विमाने ओळखण्याच्या सरावासाठी पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या, त्या याच प्रमाणातल्या होत्या.

साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य भागांवर राहते आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून भाग ज्यांना जोडलेले असतात त्या सगळ्या चौकटी कोमट साबणपाण्यात धुऊन रात्रभर वाळवा. भाग पिरगाळून तोडू नका. साइड कटरने एक-दोन मिमी दांडी ठेवून कापा, उरलेली सुरीने छाटा आणि ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर (घासकागद) या क्रमाने पाणी लावून फिरवा. प्रत्येक जोड आधी गोंदाविना लावून पाहा. हरिकेनमध्ये पंखांचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे पंख तिथून किंचित वर उचललेले असतात. गोंद ओला असताना विमान समोरून पाहून दोन्ही टोके टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत ना ते पट्टीने मोजा. वैमानिकाच्या पायाखाली या विमानात सलग फळी नव्हती, नुसत्या पाय ठेवायच्या पन्हळी आणि खाली नळ्यांचा सांगाडा. जुन्या किटमध्ये सपाट तळ दिलेला असेल तर तो काळा करून टाकणे हा सोपा उपाय.

गोंदाच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान होते. पॉलिस्टायरीनसाठीचा पातळ सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. भाग जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवायचे. द्रव आपोआप आत ओढला जातो. बोट फटीवर असेल तर तो बोटाखालीही जातो आणि ठसा कायमचा उमटतो. जोड २४ तास तसाच ठेवा. आधीच घासला तर आतले मऊ प्लॅस्टिक नंतर आकसते आणि रंगावर फटीची रेघ पुन्हा दिसू लागते. कॉकपिटवरच्या पारदर्शक कॅनोपीला झटपट चिकटणारा सुपरग्लू कधीही लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि मग कॉकपिटमधले सगळे काम दिसेनासे होते. तिथे लाकडाचा पांढरा गोंद उत्तम: धरायला वेळ घेतो, पण सुकल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो.

वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, खालून मीडियम सी ग्रे. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) असल्यास १५ ते २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर. ब्रशनेही छान होते, मात्र आधीचा थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा फिरवू नका, नाहीतर खालचा उखडतो.

आता वर्तुळ. डब्यातल्या डिकॅलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांत) बहुधा युरोपातल्या किंवा उत्तर आफ्रिकेतल्या तुकड्यांच्या खुणा असतात. ब्रह्मदेशात १६ इंची छोटी वर्तुळेही वापरात होती. १/७२ मध्ये ती साडेपाच मिमीच्या जरा वर भरतात. कार्यालयातल्या कागदाच्या पंचचे भोक जवळपास तेवढेच असते. मास्किंग टेप गुळगुळीत कागदावर चिकटवा, पंच करा, भोकाची टेप सोलून विमानावर बसवा, कडा नखाने दाबा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने गडद निळा रंग उभा टेकवत भरा. रंग ओला असेल तर तो टेपखाली शिरतो. सुकल्यावर टूथपिकचे टोक काटकोनात सपाट कापून घासा, फिकट निळ्यात बुडवून आधी कागदावर एकदा ठेवा आणि मग वर्तुळाच्या मध्यावर एकदाच टेकवा. दोन मिमीचा नेटका ठिपका उमटतो. छायाचित्रात वर्तुळ मोठे असेल तर मात्र सर्कल कटरनेच टेप कापावी लागेल.

अनुक्रमांकाचे डिकॅल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा थर हवाच. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. शेवटचे मॅट वार्निश पावसाळी हवेत फवारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि सगळे विमान भुरे पडते. सप्टेंबरात मुंबई-कोकणात हे फार घडते. आर्द्रता ६५ टक्क्यांखाली असलेली दुपार शोधा, किंवा पाण्यावर आधारलेले वार्निश ब्रशने लावा.

आयोजकांना एक विनंती. प्रतिकृतीशेजारच्या चिठ्ठीवर ‘हरिकेन, भारतीय हवाई दल’ एवढेच न लिहिता स्क्वाड्रन, तळ, महिना आणि कोणत्या छायाचित्रावरून काम केले ते लिहायला सांगावे, आणि परीक्षकांनी गुण देताना ते छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे.

– विमान-प्रतिकृती करणारे काही हौशी, पुणे