पुढच्या अखाजीला मी नसेन

पुणे

तीर्थरूप आई आणि नानांस,
बेबीचा साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर नाना एकदम गप्प झाले आणि आईने भाजी करपते आहे असे सांगून फोन ठेवला, तेव्हाच मला कळले की ही गोष्ट अशी उभ्याउभ्या सांगायची नव्हती. तेव्हापासून तीन वेळा फोन हातात घेतला आणि तिन्ही वेळा खाली ठेवला. म्हणून आता सगळे सविस्तर लिहिते आहे. नानांनी हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे, मधला एकही परिच्छेद न गाळता.

मी नोकरीला होकार कळवला आहे. तो कळवण्याआधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण विचारले असते तर आईचा आवाज ऐकून मी नाही म्हटले असते आणि तो नकार पुढे कधीतरी नकळत तुमच्याच माथी मारला असता, याची मला भीती वाटली. ऑगस्टच्या अखेरीस मी, सुजय आणि मनू मलेशियाला जात आहोत. करार तीन वर्षांचा आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचा एक कॅम्पस क्वालालंपूरपासून तीसेक किलोमीटरवर सेमेनिह या गावी आहे आणि तिथे मी केमिकल इंजिनिअरिंग शिकवणार आहे.

नाना, तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि तो माझ्या मनातून जात नाही. इंग्लंडच्या विद्यापीठाने मलेशियात दुकान का मांडावे आणि तुझ्यासारखीने तिथे गल्ल्यावर का बसावे, असे तुम्ही म्हणालात. तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, म्हणून मी इतिहासापासूनच सुरुवात करते. १९९६ साली मलेशियाने खाजगी उच्च शिक्षणाचा कायदा केला आणि परदेशी विद्यापीठांना आपल्या देशात बोलावण्याची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी आशियातले आर्थिक संकट आले, त्यांच्या रिंगिट या चलनाची किंमत कोसळली आणि मुलांना लंडन-सिडनीला पाठवणाऱ्या आईबापांचे हिशेब एका रात्रीत चुकले. मग विद्यापीठांनाच घरी आणण्याला जोर आला. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मोनाश आले, १९९९ मध्ये कर्टिन आणि २००० मध्ये नॉटिंगहॅम. विद्यापीठांनाही पैसा हवा होता, हे मी लपवत नाही. इंग्लंडच्या विद्यापीठांचे बरेचसे गणित परदेशी मुलांच्या शुल्कावर उभे आहे आणि जी मुले तिथपर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत आपण पोहोचावे, यात व्यवहार आहेच. पण त्या व्यवहारामुळे कितीतरी घरांना जमीन न विकता मुले शिकवता आली, हेही तितकेच खरे आहे.

तुमचे बी.ए.चे प्रमाणपत्र आठवा, जे मी लहानपणी लोखंडी कपाटातून काढून जमिनीवर पसरून वाचायची. शिकलात अमळनेरच्या प्रताप कॉलेजात, राहिलात बोरीकाठच्या खोलीत, आणि शिक्का मात्र पुणे विद्यापीठाचा, कारण जळगावला आपले विद्यापीठ १९९० साली झाले आणि तोवर आपल्याकडची कॉलेजे पुण्याला जोडलेली होती. पुणे तुम्ही पहिल्यांदा पाहिलेत ते नोकरी लागल्यानंतर. तरीही ती पदवी खोटी आहे असे कुणी कधी म्हटले नाही. १८५७ साली निघालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर आधी नुसते परीक्षा घेणारे होते आणि लंडन विद्यापीठ तर १८५८ पासून लंडनचे तोंडही न पाहिलेल्यांना पदवी देत आले, हे सगळे मला तुम्हीच ओट्यावर बसून सांगितले होते. सेमेनिहला त्याच्याही पुढची गोष्ट आहे. तिथे जोडलेले कॉलेज नाही, विद्यापीठच जाऊन बसले आहे. पदवी नॉटिंगहॅमचीच मिळते आणि एखादे सत्र इंग्लंडच्या मुख्य कॅम्पसवर शिकून येण्याची सोय मुलांना असते. मूळच्या इमारतीसारखी पांढरी, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारतसुद्धा त्यांनी तिथे तळ्याकाठी बांधली आहे. मनूने तिचा फोटो पाहिला आणि तेवढ्यावरच ती जायला तयार झाली.

आता ज्या गोष्टीचे नाव आपल्या घरात निघत नाही त्या गोष्टीबद्दल लिहिते. तुमच्या गप्प बसण्यामागे तीच आहे, हे मला माहीत आहे. दादाचे ते परदेशी पदवीचे प्रमाणपत्र आले त्या दिवशी मी बारावीत होते. जाड, किंचित पिवळसर कागद, वर उठावाची अक्षरे आणि खाली सोनेरी शिक्का. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला होता आणि आईने ते देवापुढे ठेवून हळद-कुंकू वाहिले होते. पुढे नोकरीच्या ठिकाणी ही पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असे भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्र मागितले, ते काही मिळाले नाही आणि नाशिकला साडीच्या दुकानावर जिथे त्याचे वर्ग भरायचे त्या हॉलला तोपर्यंत कुलूप लागले होते. खालच्या शेताचे मी इथे काही लिहीत नाही. त्यानंतर दादाने ठिबकच्या नळ्यांचे दुकान टाकले आणि माझी एम.टेक.ची फी त्या दुकानातून आली. मी हे एक दिवसही विसरलेली नाही, नाना. परदेशी विद्यापीठ हा शब्द ऐकला की तुमच्या छातीत काय होते, ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही छातीत तेच होते.

म्हणूनच होकार देण्याआधी मी जे जे तपासले ते तुम्हाला सांगायलाच हवे. दादाला शिकवणाऱ्यांपैकी एकही जण त्या परदेशी विद्यापीठाच्या नोकरीत नव्हता. कुणीतरी नाव भाड्याने घेतले होते आणि बाकी सगळा मामला स्थानिक माणसाचा होता. म्हणून मी सगळ्यात आधी नेमणूकपत्र कोण देते ते पाहिले, मग पदवी कोण देते ते, आणि मग मलेशियाच्या सरकारी नोंदवहीत माझ्या विभागाचा अभ्यासक्रम आहे का ते. अशी तपासणी करणारी संस्था त्यांच्याकडे २००७ पासून आहे आणि तिची नोंदवही कोणालाही उघडून बघता येते. मी ती सुजयला शेजारी बसवून बघितली आणि नोंद सापडल्यावर मला रडू आले. त्या वेळी आपल्याला असे काही बघता येते, हेच कुणी सांगितले नव्हते. आपल्याकडेही आता नियम झाले आहेत. फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे असे नाव भाड्याने घेतलेल्या ठिकाणी, मिळवलेल्या परदेशी पदवीला मान्यता मिळणार नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. दादाला त्याचा काही उपयोग नाही, पण कुणाच्या तरी दादाला होईल.

एक कटू गोष्टही सांगते, नाहीतर ती तुम्ही वर्तमानपत्रात वाचाल आणि मी लपवली असे वाटेल. असे कॅम्पस बंदही पडतात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ मध्ये सिंगापूरला कॅम्पस उघडला तो मार्चमध्ये, आणि पुरेशी मुले आली नाहीत म्हणून जूनमध्ये त्याला टाळे लागले. कतारच्या दोहा शहरात २००३ पासून चाललेला टेक्सास ए अँड एमचा कॅम्पस २०२८ पर्यंत बंद करायचे त्या अमेरिकन विद्यापीठाच्या मंडळाने २०२४ मध्ये ठरवले. पण सिंगापूरच्या मुलांना विद्यापीठाने सिडनीला जागा देऊ केल्या आणि दोह्याला आधी चार वर्षांची मुदत दिली. कुलूप लावून पळून जाणे निराळे आणि सांगून दार लोटणे निराळे. सेमेनिहचा कॅम्पस त्या जागी २००५ पासून आहे. त्याचे काही होईल असे मला वाटत नाही, आणि झालेच तर मी पुण्याला परत येऊ शकते. माझ्या कॉलेजने माझी रजा मंजूर केली आहे, राजीनामा मी दिलेला नाही. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

नानांनी पाठवलेले कात्रण मिळाले. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची ती डिझाइनची संस्था अशा पाचांना मुंबई-नवी मुंबईत कॅम्पससाठी इरादापत्रे दिली, त्या बातमीखाली तुम्ही लाल पेनाने रेघ मारून ‘मग इथेच का नाही?’ असे लिहिले आहे. नाना, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग २०२४ मध्ये सुरू झाली, गुरुग्रामला साउथॅम्प्टन २०२५ मध्ये सुरू झाले. म्हणजे ही लाट आपल्याकडे आली आहे, पण मी ज्या विषयात आहे त्याची प्रयोगशाळा एका वर्षात उभी राहत नाही. तीन वर्षे पंचवीस वर्षांच्या जुन्या संस्थेत काम करून आले तर नवी मुंबईत माझ्यासारखीला कुणीही दारात उभे करील, आणि तिथून रात्रीच्या गाडीने मी सकाळी अमळनेरला उतरेन. हे स्वप्न मी तुमच्यासाठी रंगवलेले नाही, ते माझेच आहे.

आई, आता तुझे प्रश्न. तिथे मे महिन्यातल्या आपल्या पंचेचाळीस अंशांसारखा ताप नसतो, मात्र बारा महिने दमट असते आणि पाऊस केव्हाही येतो. तमिळ लोकांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, त्यामुळे डाळ, तांदूळ, कढीपत्ता, नारळ, केळीच्या पानावरचे जेवण हे सगळे मिळते. केळ्यांना ते पिसांग म्हणतात आणि पीठ लावून तळतात, हे नानांना आवडणार नाही. आपल्या दादर ज्वारीचे पीठ मात्र मिळणार नाही आणि भरिताची आपली हिरवी-पांढरी वांगी तर नाहीच. विद्यापीठाजवळ दोन खोल्यांचे घर पाहिले आहे, गॅस आहे, धुण्याचे यंत्र आहे, मनूची शाळा बसने जाण्याएवढ्या अंतरावर आहे. ती वरण-भातावर राहणारी मुलगी आहे, तिची काळजी नाही. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तू संध्याकाळी साडेसहाला दिवा लावशील तेव्हा माझ्याकडे नऊ वाजलेले असतील आणि मी रोज त्याच वेळी फोन करीन.

मी हिशेब केला आहे. पुण्याहून अमळनेरला एसटीने रात्र जाते आणि क्वालालंपूरहून मुंबईला विमानाने पाच तास लागतात. सुजयला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. पण नानांना गेल्या वर्षी अँजिओप्लास्टीसाठी जळगावला नेले, त्या रात्री मी मिळेल त्या गाडीने निघून पहाटे तुमच्या उशाशी आले होते, आणि हे आता जमणार नाही. हा हिशेब मला पुरत नाही, हे तुमच्यापासून लपवून काय करू? दादा तिथे आहे, वहिनी आहे. पण मी नाही. पुढच्या अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणालाही नसेन, कारण तेव्हा तिथे परीक्षा असतात. आई, निंबाच्या फांदीला झोका बांधायचा थांबवू नकोस. मी लहान असताना तू मागून धक्का द्यायचीस आणि मी ओरडले की पदराने माझे गुडघे पुसायचीस, त्यावरची माती मला अजून आठवते. मनूला यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांना घेऊन येते आहे, चार दिवस राहणार आहोत आणि जूनच्या सुट्टीत पुन्हा येणार आहोत.

आता माझे ऐका. नाना, रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, बरे वाटते आहे म्हणून तर मुळीच नाही. शेतात एकट्याने जायचे नाही, मोटार सुरू करायला दादाला सांगायचे. जळगावची तपासणी दर तीन महिन्यांनी, तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवणार आहे. आई, साखर तपासण्याचे यंत्र कपाटात ठेवायला घेतलेले नाही. गुडघ्यांना त्रास नको म्हणून बिबड्यांच्या पापडांचे पीठ यंदा तू घाटायचे नाहीस, माणूस लावायचा, पैसे मी देईन, आणि ‘कशाला उगीच’ असे म्हणायचे नाही. स्मार्टफोनवर चेहरा दिसेल असा फोन कसा घ्यायचा ते वहिनीने दोघांनाही शिकवावे. मी जास्त बोलले असेन तर रागावू नका, तुमच्याशिवाय मी कुणावर रागावू?

एक शेवटची मागणी आहे. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात दादाची ती फाइल आहे, माहितीपत्रक, पावत्या आणि ते प्रमाणपत्र. दादाशी मी बोलले आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग ‘घेऊन जा’ म्हणाला. माझ्याकडे प्रवेशाची चौकशी करायला आपल्या भागातली मुले येतील, त्यांचे आईबाप फोन करतील, तेव्हा कागद कसा वाचायचा हे मला त्या फाइलवरून दाखवता येईल. कानबाईला आले की ती मला द्या. पावसाळ्यात कपाटात ओल येते, तोवर ती बिबड्यांच्या डब्याशेजारी कोरड्या जागी काढून ठेवा.

तुमची,
बेबी