विषय: नवी १४ एमएम लेन्स डावीकडे सॉफ्ट आहे, तुमचं 'टेस्टेड ओके' मला मान्य नाही

नमस्कार कस्टमर केअर,

तुमच्या मुंबईच्या सर्व्हिस सेंटरमधून लेन्स परत आली, सोबत एका ओळीचा कागद, 'क्लीनिंग केले, टेस्टेड ओके'. अहो साफ करायला दिलीच नव्हती मी, लेन्स नवीकोरी आहे. पहिल्या मेलपासून एकच सांगतोय, फ्रेमची डावी बाजू उजवीपेक्षा सॉफ्ट (पुसट) येते, म्हणजे लेन्स डिसेंटर्ड आहे, आतली कुठली तरी काच जागेवर नीट बसलेली नाही.

फोनवरचा मुलगा म्हणाला, 'सर अल्ट्रा वाइडमध्ये कडेला असंच होतं.' काय होतं ते ठाऊक आहे. १४ एमएम म्हणजे फुल फ्रेम सेन्सरवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ११४ डिग्रीचं दृश्य, एवढं सगळं रेषा सरळ ठेवून सपाट सेन्सरवर बसवायचं तर कडा ताणल्या जाणारच, ग्रुप फोटोत टोकाला उभ्या माणसाचं डोकं फाकतं, कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात आणि कोपरे मधल्यापेक्षा थोडे कमी शार्प असतात, हे सगळं कबूल आहे म्हणून तर पैसे मोजले. पण हे दोन्हीकडे सारखं व्हायला पाहिजे की नको? माझा उजवा कोपरा झकास आहे हो!

घराच्या कंपाऊंडची चिऱ्याची भिंत आहे, चिऱ्याला भोकं भोकं असतात त्यामुळे टेस्टला याहून चांगलं काही नाही. ट्रायपॉड, टायमर, मॅन्युअल फोकस, उघड्या ॲपर्चरपासून एफ ११ पर्यंत सगळे फोटो काढले. ॲपर्चर एफ ८ पर्यंत बारीक केलं तरी डावीकडची भोकं एकमेकांत मिसळलेली. भिंत तिरकी असेल म्हणाल, म्हणून कॅमेरा उलटा लावून परत काढले तर सॉफ्टनेस भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला. भिंतीचा दोष असता तर तिथेच राहिला असता ना.

तरी शंका नको म्हणून जुन्या गोव्याला जाऊन लांबून सी कॅथेड्रल चर्चचा फोटो काढला. समोरून बघितलं तर त्याचा एकच बुरूज उभा आहे, डाव्या हाताला, दुसरा १७७६ मध्ये पडला. आता नेमका तो उरलेला बुरूज माझ्या फोटोत पुसट. एक विजेने पाडला म्हणतात, दुसरा तुमच्या लेन्सने.

आणि तुमचं ते 'गोव्याची हवा दमट आहे, फंगस (काचेवरची बुरशी) असू शकतं' हे कशाच्या जोरावर? फंगस असतं तर तुमच्या माणसाला टॉर्च मारल्यावर दिसलं असतं आणि कागदावर ओके आलं नसतं. इथे पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवायची नसते हे आम्हाला कुणी शिकवायला नको, माझी सगळी गिअर ड्राय कॅबिनेटमध्ये असते.

ही लेन्स मी हौसेला घेतलेली नाही. म्हापसा, पर्वरीकडची होमस्टेची कामं करतो, जुन्या घरांच्या खोल्या बारक्या, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी दुसऱ्या लेन्समध्ये खोली मावत नाही. त्यात चवथ आली. गणपतीच्या डोक्यावरची माटोळी, सुपारीच्या घडापासून रानातल्या फळांपर्यंत घरच्यांनी हौसेने बांधलेली, ती पूर्ण आणि खाली मूर्ती एका फ्रेममध्ये हवी असते लोकांना. त्यांना काय सांगू, डावीकडची फळं सोडून बघा? शेवटी मित्राची लेन्स मागून आणली.

तर मला पाहिजे ते असं. लेन्स बदलून द्या, आणि नवी पाठवण्याआधी चारही कोपऱ्यांचे टेस्ट फोटो मेल करा. रिपेअरच करणार असाल तर रिसेंटरिंगच्या (काच परत जागेवर बसवण्याच्या) आधीचे आणि नंतरचे फोटो द्या, नुसता शिक्का नको. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. कुरियर आणि इन्शुरन्स या वेळी तुमच्याकडून, मागचा खर्च माझ्या खिशातून गेला त्याची पावतीही जोडतोय.

१५ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आणि नंतर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाईक राहतो तिथे केस घालता येते, त्यामुळे तुमचं ऑफिस मुंबईत आहे हे कारण चालणार नाही.

बिल, वॉरंटी कार्ड, तुमचा तो कागद आणि रॉ फायलींची (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फोटोंची) लिंक सोबत आहे. जेपेग बघून उत्तर देऊ नका, रॉ उघडा आणि शंभर टक्के झूम करून डावीकडे बघा.

तुमचा म्हापशाचा गिऱ्हाईक