ओपिऑइड भरपाई: काउंटीचा ठराव वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओपिऑइड म्हणजे अफूसारखी, व्यसन लावणारी वेदनाशामकं. त्यांच्या कंपन्यांवरच्या खटल्यांतून अमेरिकेतल्या राज्यांना आणि स्थानिक संस्थांना मिळायची एकूण रक्कम 50 अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. हे आकडे मराठी वृत्तपत्रांतही येतात. मात्र पैसा कशावर जाणार हे बहुतांशी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) बैठकीत ठरतं. नॉर्थ कॅरोलिनात 85 टक्के वाटा काउंट्या आणि काही शहरांकडे जातो, राज्याकडे 15 टक्के राहतो. कॅरी, मॉरिसव्हिल भागात राहणाऱ्या आणि मतदार असलेल्या मराठी वाचकांसाठी हे पत्र आहे.

राज्य आणि काउंट्यांमधल्या करारानुसार हा पैसा स्वतंत्र निधीत ठेवावा लागतो. खर्चाआधी काउंटीच्या निवडून आलेल्या आयुक्त मंडळाला ठराव करावा लागतो आणि त्यात कोणता उपक्रम, किती रक्कम, किती कालावधी हे लिहावं लागतं. उपक्रम निवडायला दोन वाटा आहेत. ‘पर्याय अ’मध्ये बारा ठरलेले उपक्रम आहेत: व्यसनावर औषधोपचार, नालोक्सोनवाटप (ओपिऑइडच्या अतिमात्रेवरचा उतारा), कैद्यांवर उपचार, स्वच्छ सुया-सिरिंज देणारी केंद्रं, निवारा वगैरे. ‘पर्याय ब’ची यादी बरीच लांब आहे, पण ती उघडण्याआधी रुग्ण, कुटुंबीय, उपचार केंद्रं यांना सोबत घेऊन नियोजनाची पूर्ण प्रक्रिया करावी लागते. आमच्या मते लहान काउंटीने ‘अ’मधले दोन-तीनच उपक्रम घ्यावेत. बारा ठिकाणी थोडेथोडे पैसे टाकले की एकाही ठिकाणी पूर्णवेळ माणूस नेमता येत नाही.

नियोजन फसतं ते बहुधा भरपाईच्या हप्त्यांमुळे. मोठ्या औषध-वितरकांचे हप्ते 18 वर्षांचे आहेत. जॉन्सन अँड जॉन्सन, वॉलमार्ट यांनी आपला बराचसा वाटा सुरुवातीलाच भरला. पहिल्या वर्षांत रक्कम फुगलेली दिसते, त्या भरात कायम पदं भरली जातात आणि पुढे हप्ता घटला की कार्यक्रम बंद पडतो. म्हणून आधी वर्षवार जमेचा तक्ता करावा. कायम पदांचा खर्च सर्वांत कमी जमेच्या वर्षात बसेल एवढाच ठेवावा. वरची रक्कम प्रशिक्षण, वाहन, जागेची दुरुस्ती अशा एकदाच्या खर्चाला लावावी किंवा राखून ठेवावी. इथे मार्चअखेरची घाई नाही, शिल्लक पुढच्या वर्षी वापरता येते.

दुसरा घोळ हिशेबात सहज दिसत नाही. रुग्णवाहिकेतलं नालोक्सोन आधी काउंटीच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून येत असेल आणि आता तोच खर्च या निधीत टाकला, तर गावात एकही नवी सोय होत नाही. राष्ट्रीय करारात याला थेट बंदी नाही, त्यामुळे मागच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहणं नागरिकांवरच येतं. तसंच मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं. डिसेंबर 2023पासून नॉर्थ कॅरोलिनात मेडिकेडचा विस्तार झाला, त्यामुळे कमी उत्पन्नाच्या बहुतेक प्रौढांच्या उपचारांचं बिल तिकडून भागू शकतं. या निधीतून ते पुन्हा का भरायचं?

मेडिकेड जिथे पोचत नाही अशी मुख्य जागा म्हणजे जेल. आत असताना उपचारांचा भार काउंटीवर असतो. याच राज्यातल्या 2018च्या अभ्यासात राज्याच्या तुरुंगांतून सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओपिऑइडच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे 40 पट आढळला. आत राहून शरीराची सवय मोडते आणि बाहेर माणूस जुनीच मात्रा घेतो. जेलमध्ये मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन ही व्यसनावरची औषधं चालू ठेवणं हा त्यावरचा उपाय. पण तो बहुधा दारातच तुटतो: शुक्रवारी संध्याकाळी सुटका, हातात चिठ्ठी, दवाखाना थेट सोमवारी. मधल्या दिवसांच्या गोळ्या, नालोक्सोन, ठरलेली वेळ आणि तिथवर नेणारी गाडी यांची तरतूद ठरावात नसेल तर आतल्या उपचारांवरचा बराचसा खर्च वाया जातो.

नालोक्सोनचंही तसंच. नाकातला फवारा वापरायला सोपा, पण इंजेक्शनची कुपी कितीतरी स्वस्त; सिरिंज केंद्रांवर कुप्या आणि शाळा-ग्रंथालयांत फवारे दिले तर त्याच पैशात जास्त मात्रा येतात. किती खोकी घेतली हा आकडा बैठकीत ऐटीत सांगतात. किती लोकांच्या हाती पोचली, किती जण संपल्यावर पुन्हा न्यायला आले, हे विचारावं.

तंबाखू कंपन्यांशी 1998मध्ये 46 राज्यांचा करार झाला तेव्हा पैसा आरोग्यावर खर्च करण्याची अट नव्हती. नॉर्थ कॅरोलिनाने अर्धा वाटा तंबाखूवर अवलंबून असलेल्या भागांच्या अर्थकारणाला दिला. या वेळी अट आहे, पण तिच्या शब्दांत पोलिसांच्या खरेदीलाही वाट काढता येते.

काउंटीला वर्षातून किमान एक खुली बैठक घ्यावीच लागते. तिची तारीख काउंटीच्या लिपिकाकडे मिळते. जाण्याआधी मागच्या वर्षाचे ठराव आणि खर्चाचा वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांत मोठी तफावत असेल तर पहिला प्रश्न तोच.

आपले,
सार्वजनिक आरोग्य नियोजनात काम करणारे काही वाचक
वेक काउंटी, नॉर्थ कॅरोलिना