काका, त्या रात्री तुम्ही फोन उचललात

आदरणीय काकांना,
सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. कारण तुम्ही मला जे शिकवलंत, ते व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, हेडफोन ॲम्प घरी असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

ॲम्प घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दोन वर्षं पैसे साठवून, मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतलेला. पुढे ईएल84 व्हॉल्व्हची जोडी, मागे तीन वजनदार ट्रान्सफॉर्मर. त्या रात्री मल्लिकार्जुन मन्सूर लावले होते आणि मधेच आवाज गेला. मला वाटलं, रेकॉर्डिंगच तिथे बारीक झालंय, म्हणून नॉब फिरवत गेले, अगदी शेवटापर्यंत. हेडफोनमध्ये काही नाही, पण ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून गाणं येत होतं! डबीत कोंडल्यासारखं, बारीक, पण तान न् तान ओळखू येईल असं. जॅक निम्मा बाहेर आलाय हे तेव्हा दिसलं. तो मी पूर्णच काढला आणि कान जवळ नेऊन ऐकत बसले. इतकं नवल वाटलं, की तुम्हाला सांगावं म्हणून साडेदहा वाजता फोन केला.

तुम्ही ओरडला नाहीत. इतकंच म्हणालात, “आधी आवाज शून्यावर आण. आणलास? आता बटण बंद कर. मग सांगतो.”

दुसऱ्या दिवशी तुमच्या दुकानात बिलाच्या पाठीमागे तुम्ही चित्र काढून दिलंत. ते मी जपून ठेवलंय. ईएल84 ला 250 व्होल्टवर साधारण 5,200 ओमचा भार हवा असतो, आणि माझा हेडफोन आहे 300 ओमचा. मधला ट्रान्सफॉर्मर त्या दोघांची गाठ घालून देतो. सेकंडरीच्या, म्हणजे हेडफोनकडच्या वेटोळ्याच्या, एका फेऱ्याला प्रायमरीचे, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याचे, चारच्या थोडे वर फेरे, आणि त्या प्रमाणाचा वर्ग घेतला की सतरा पट. म्हणून 300 ओम व्हॉल्व्हला 5,200 सारखे भासतात. हेडफोन काढला की हा हिशोबच कोसळतो. व्हॉल्व्हसमोर उरतं नुसतं वेटोळं. आवाज मोठा असेल तर व्हॉल्व्हचा प्रवाह एकदम तुटतो, लोखंडात साठलेल्या चुंबकत्वाला बाहेर पडायला वाट नसते आणि प्रायमरीवरचा दाब 250 व्होल्टच्या कितीतरी वर उसळतो. मग सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते, नाहीतर तारेवरचं इनॅमल फुटतं. ट्रायोड जातीचा व्हॉल्व्ह असता तर त्याच्या कमी अंतर्गत रोधामुळे थोडा तरी लगाम बसला असता. ईएल84 हा पेंटोड जातीचा, त्याला तोही नाही.

मी ज्यावर भुलले होते ते गाणं म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे पत्रे आणि वेटोळी थरथरत होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला.

“स्पीकर सुटलेला रेडिओ लावायचा नाही, ही आमची पहिली शिकवण,” तुम्ही म्हणालात. माझी पिढी ट्रान्झिस्टरवर वाढली. तिथे वायर एकमेकींना चिकटल्या की ॲम्प जातो, मोकळ्या राहिल्या तर काही होत नाही. इथे नेमकं उलटं. हेडफोन काढून ठेवणं म्हणजे काळजी घेणं, अशीच माझी समजूत होती, आणि ती किती जणांची असेल!

मग तुम्ही ॲम्प उघडलात. बंद करून बराच वेळ झाला होता, तरी आधी कपॅसिटरवर मीटर लावलात, कारण त्यात शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात. झटका बसलाच तर तो छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे होता. तो सगळा वेळ तिथेच होता. व्हॉल्व्ह काढून सॉकेटवर काळी रेघ उमटलीय का ते भिंगातून पाहिलंत. दोन्ही प्रायमरींचा रोध मोजलात, वेटोळं आणि लोखंड यांच्यामध्ये इन्सुलेशन तपासणारा 500 व्होल्टचा मेगर लावलात. मी श्वास धरून उभी होते. “वाचलाय,” म्हणालात आणि चष्मा कपाळावर सरकवलात.

पण तेवढ्यावर सोडलं नाहीत. दोन्ही चॅनलच्या आउटपुटवर आतूनच दीड-दीड किलोओमचा रेझिस्टन्स बसवलात. हेडफोन लावलेला असताना त्याने थोडासाच फरक पडतो आणि जॅक कधी निसटलाच तर आउटपुट अगदी मोकळं राहत नाही. शिवाय औषधाच्या डबीएवढ्या पेटीत 330 ओम, 10 वॅटचे दोन रेझिस्टन्स घालून, वायरला पाव इंची जॅक लावून ती माझ्या हातात दिलीत. हेडफोन निघाला की आवाज शून्यावर आणि त्याच्या जागी ही डबी आत. डबी हाताशी नसेल तर ॲम्प बंद. तुमचा नियम मी आजवर मोडलेला नाही.

दिवसभर नुसता चालू ठेवला तर, असं मी विचारलं होतं. गाणं नसेल आणि आवाज शून्यावर असेल तर स्फोटबिट काही होत नाही, पण प्रत्येक ईएल84 प्लेटवर 12 वॅटपर्यंत आणि फिलामेंटला जवळपास 5 वॅट खातच राहतो, ऐकणारं कुणी असो वा नसो. काही ॲम्प तर भार नसला की कानाला न ऐकू येणारी शिट्टी धरतात, तीही व्हॉल्व्हला तापवते. हे कळल्यापासून मी ऐकायच्या आधी वीस मिनिटं लावते, झालं की बंद करते.

सगळ्यात मोठे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. हे सगळं ऐकून मी भावाला फोन करून बजावलं, तुझ्या ॲम्पला हेडफोन लावल्याशिवाय हात लावू नकोस. तुम्ही मला थांबवलंत. “त्याच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर आहे का, ते आधी विचार.” नव्हता. त्याचा ॲम्प 6080 नावाच्या व्हॉल्व्हचा, कॅथोड फॉलोअर पद्धतीचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या कॅथोडवरून आउटपुट घेणारा. तिथे व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांच्यामध्ये मोठा कपॅसिटर असतो. व्हॉल्व्ह तापताना तो भरतो, तेव्हा हेडफोन लावलेला असेल तर कानात ‘धप्प’ बसते. म्हणून तो हेडफोनशिवायच चालू करायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, आवाज शून्यावर ठेवून मगच जॅक लावायचा. माझा नियम त्याला सांगून मी त्याचे हेडफोन धोक्यात घातले असते. तेव्हापासून कुणी विचारलं तर मीही आधी तुमचाच प्रश्न विचारते.

त्या दिवशी तुम्ही रेझिस्टन्स आणि जॅकचेच पैसे घेतलेत. पूर्ण तासभर दुकानात दुसरं काम केलं नाहीत, हे मला दिसत होतं.

शनिवारी भावाचा ॲम्प घेऊन येतेय. लाइट जाऊन लगेच आली की त्याच्या उजव्या बाजूला खरखर येते, तेवढं बघाल का? चहा या वेळी माझ्याकडून.

आपली नम्र,
ईएल84 वाली