सिद्ध वैद्यक गोव्यात येऊ दे, पण फक्त सीट वाढवायला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नीटचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी तेच चालतं. एमबीबीएस नाही, मग बीडीएस बघ, ते नाही तर बीएएमएस, नाहीतर होमिओपॅथी. आता धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था झाली (डिसेंबर 2022 मध्ये पंतप्रधान येऊन उद्घाटन करून गेले) तेव्हापासून त्यात एक नवीन भर पडलीय, की सिद्धाचं पण एक कॉलेज गोव्यात येऊ दे, तेवढ्याच शंभरेक सीट वाढतील. सीट वाढतील म्हणून एखादं वैद्यकशास्त्र आणायचं, हे मला काही पटत नाही. सिद्ध यावं असं मलाही वाटतं पण कारण वेगळं आहे.

मुळात सिद्ध म्हणजे काय हे इथे दहातल्या नऊ जणांना माहीत नाही, कुणाला वाटतं आयुर्वेदाचंच तमिळ नाव, कुणाला वाटतं नाथपंथी बाबांची जडीबुटी. हे तमिळनाडूचं वैद्यक. अगस्त्य, तिरुमूलर, भोगर असे अठरा सिद्धर (सिद्धपुरुष) मानतात आणि त्यांच्या नावावरचे ग्रंथ तमिळ पद्यात, ताडपत्रांवर. वात, पित्त, कफ तिथेही आहेत, आणि रोग ओळखायची त्यांची रीत म्हणजे आठ प्रकारची परीक्षा. नाडी, स्पर्श, जीभ, रंग, आवाज, डोळे, मल आणि मूत्र. त्यातली मूत्राची परीक्षा तर बघण्यासारखी आहे, पहाटेची लघवी काचेच्या भांड्यात घेऊन स्थिर ठेवायची आणि वरून तिळाच्या तेलाचा एकच थेंब अलगद सोडायचा. थेंब सापासारखा लांब पसरला तर वात, अंगठीसारखा गोल झाला तर पित्त, मोत्यासारखा होता तिथेच राहिला तर कफ. याला ते नेय्क्कुरी म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल हे खरं का? तेच तर विचारायचंय! शंभर पेशंटांचा थेंब दोन वेगवेगळ्या वैद्यांनी एकमेकांना न विचारता बघितला तर दोघांचं उत्तर जुळतं का, रक्ताच्या रिपोर्टशी त्याचा काही मेळ बसतो का, लघवी किती घट्ट आहे, खोलीत गरमी किती आहे याने थेंबाचा आकार बदलतो का. असले प्रश्न दवाखान्यात बसलेला वैद्य विचारत नाही, त्याला वेळ नसतो. ते विद्यापीठाचं काम. धातूंच्या औषधांचं तर जास्तच. सिद्धात पर्पम, चेंदूरम अशी भस्मं-सिंदूरं असतात, त्यात पारा, गंधक, सोमलसुद्धा (आर्सेनिक) येतं, नीट शोधन-मारण (शुद्ध करून भस्म करणं) झालं तर चालतं म्हणतात, पण नीट झालं की नाही हे रंग बघून सांगणार का लॅबमध्ये मोजून? मला विचाराल तर मोजल्याशिवाय एक गुंजसुद्धा पोटात जाऊ नये.

तमिळ लोकांनी हे एका रात्रीत उभं केलं नाही हे आमच्या पुढाऱ्यांनी जरा वाचावं. 1920 च्या दशकात मद्रास सरकारने उस्मान समिती नेमली, त्यातून स्कूल ऑफ इंडियन मेडिसिन निघालं, तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी एकाच छपराखाली. मग 1964 ला तिरुनेलवेलीजवळ पाळयंकोट्टईला सरकारी सिद्ध कॉलेज, आणि चेन्नईत तांबरमला राष्ट्रीय सिद्ध संस्था व्हायला 2005 उजाडलं. सिद्धाची वेगळी केंद्रीय संशोधन परिषद तर 2010 ची, तोपर्यंत ती आयुर्वेदाच्याच परिषदेत होती. म्हणजे ऐंशी वर्षं गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत कॉलेजला लागून हॉस्पिटल होतं, ओपीडीत माणसं होती, आणि शिकवणारे त्याच भाषेत वाढलेले होते. 2022 मध्ये तिथल्या विधानसभेने स्वतंत्र सिद्ध विद्यापीठाचं विधेयक मंजूर केलं तर त्यात कुलपती म्हणून मुख्यमंत्री घातले आणि मग राज्यपालांबरोबर वाद सुरू झाला. तो राजकारणाचा भाग सोडा, पण वेगळं विद्यापीठ पाहिजे म्हणायची वेळ एवढी शिदोरी जमल्यावर येते.

आणि भाषा. सिद्धाची पदवी म्हणजे बीएसएमएस, साडेपाच वर्षांचं, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटवरून म्हणजे आपली मुलंही जाऊ शकतात. पण ग्रंथ तमिळमध्ये, त्यातही जुन्या तमिळमध्ये, मुद्दाम कोड्यात लिहिलेले, एका वनस्पतीला चार नावं आणि एका नावाच्या चार वनस्पती. आपला मुलगा इंग्रजी नोट्स पाठ करून पास होईल हो, पण मग तो सिद्ध वैद्य कसला? उद्या इथे घाईघाईने कॉलेज काढलं तर हेच होणार. तमिळ न येणारे विद्यार्थी, वर्षाच्या करारावर आलेले प्राध्यापक, आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी खाटांवर झोपवलेले पेशंट. शेवटचा प्रकार कुठे कुठे चालतो ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

मग गोव्याने काय करायचं? माझ्या मते कॉलेज नकोच सध्या. ताळगावच्या पठारावर आपलं गोवा विद्यापीठ आहे, तिथे बॉटनी आहे, केमिस्ट्री आहे. धारगळला हॉस्पिटल आहे. शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय कितीतरी वर्षं चाललंय. बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) तर 1842 च्या पोर्तुगीज मेडिकल स्कूलपासूनचं. एवढ्याशा राज्यात हे सगळं तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि एकमेकांशी बोलत नाही. या चौघांनी मिळून विद्यापीठात सिद्ध आणि लोकवैद्यकाचा एक छोटा पदव्युत्तर विभाग काढावा. तांबरम किंवा पाळयंकोट्टईहून दोन-तीन चांगले शिक्षक पाच वर्षांसाठी आणा, एक तमिळ शिकवणारा आणा, आठवड्यातून ठरलेले दिवस ओपीडी, आणि तिथल्या प्रत्येक पेशंटची फाईल अशी ठेवा की जीएमसीच्या डॉक्टरला पण वाचता आली पाहिजे.

लोकवैद्यक म्हटलं ते मुद्दाम. सत्तरी, सांगे, काणकोणात अजून गावठी वखद (औषध) देणारी माणसं आहेत, कावीळ, नागीण, हाड बसवणं, प्रत्येकाचं एकेक ठरलेलं. 2018 मध्ये केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं, मान्य डिग्री आणि रजिस्ट्रेशन नसेल तर प्रॅक्टिस करता येणार नाही. ते योग्यच, काविळीचा पेशंट झाडपाल्यावर पंधरा दिवस काढून मग डोळे हळदीसारखे घेऊन बांबोळीला पोचतो हे आम्ही बघतोच. पण त्या माणसाला ओळखता येणारी झाडं, कुठल्या महिन्यात मूळ काढायचं, काय कशात उगाळायचं, हे त्याच्याबरोबरच जाणार, मुलगा तर जहाजावर नाहीतर लंडनला. तमिळ लोकांनी त्यांची ताडपत्रं गोळा केली, छापली, कॉलेजात लावली, आमच्याकडे ताडपत्रं नाहीत, माणसंच आहेत. पद्धत मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

एक साधं उदाहरण देतो. तमिळनाडूत डेंग्यूच्या दिवसांत सरकारी दवाखान्यांतून निलवेंबू कुडिनीर नावाचा काढा वाटतात, त्यातलं मुख्य औषध म्हणजे आपलं किरायतं! आमच्या आज्या तापात तेच उकळून नाक दाबून पाजायच्या. तिकडे त्याचं ठरलेलं प्रमाण झालं, त्यावर पेपर निघाले, उलटसुलट चर्चा झाली, काहींनी विरोधही केला. इकडे ते परसातच राहिलं. आणि गंमत अशी की गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य इथल्या वैद्यांना विचारून विचारून 1563 मध्ये गोव्यातच औषधी वनस्पतींवर पुस्तक छापून गेला. पणजीत त्याच्या नावाने बाग आहे, संध्याकाळी लोक तिथे शेंगदाणे खात बसतात.

शेवटी एक कायद्याची गोष्ट, कारण याच्यावर कुणी बोलत नाही. 2020 च्या कायद्याने भारतीय वैद्यक पद्धतींच्या राष्ट्रीय आयोगात आयुर्वेदाला स्वतंत्र मंडळ आहे, सिद्धाचं मंडळ मात्र युनानी आणि सोवा-रिग्पाबरोबर (तिबेटी वैद्यक) एकत्र. म्हणजे सिद्धाच्या शिक्षणाचे निकष ते दुसरं मंडळ ठरवणार, धारगळला आयुर्वेद संस्था आहे म्हणून सिद्धही आपोआप मिळेल असं नाही. विभागापासून सुरुवात केली तर निदान पाच वर्षांनी दाखवायला काम असेल, फाइली असतील. येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांपैकी कुणी कॉलेजची घोषणा करायच्या आधी तेवढा प्रश्न विचारावा, की शिकवायला कोण आहे आणि ओपीडीत कोण येणार आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा